विसाव्यावर टेकवलेली डोली

ज्यांना भुताखेताच्या गोष्टी चहाबरोबर तोंडी लावायला हव्या असतात, त्यांनी ही नाही वाचली तरी चालेल.

कारण ही घडलेली आहे. माझ्या सख्ख्या मामांच्या खांद्यावर घडलेली आहे.

मी त्या दिवशी तिथे नव्हतो, हे आधीच सांगतो. पण जे होते त्या प्रत्येकाला मी वेगवेगळं गाठून विचारलं. कुणाच्याही सांगण्यात काडीचा फरक नाही. मामांना म्हटलं, शपथ घ्या. तर माझ्यावरच उखडले. "माझ्या लेकीचं बाळातपण हाय ते. त्याच्यावं म्या खोटं बोलन व्हय रं?"

पिठोरी अमावास्या होती ती. गाव कारवंडी. धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात.

गाव म्हणायचं आपलं. पूर्वी साठ उंबऱ्यांचं होतं. आता चुलीचा धूर निघतो तो सात-आठ घरांतून. बाकी सगळ्यांना कुलपं. माणसं मुंबईला, नाहीतर पुण्याला. रस्त्याचा नारळ दोनदा फुटला, रस्ता एकदाही झाला नाही. खाली पाण्यावर धक्का आहे. तिथे रोज लाँच लागायची. उतारू कमी झाले तशी ती फक्त बाजाराच्या दिवशी येऊ लागली. माणसं नाहीत म्हणून लाँच नाही, आणि लाँच नाही म्हणून उरलीसुरली माणसंही निघाली.

अशा गावात सोपानमामांची एकुलती एक लेक, सुवर्णा, पहिल्या बाळंतपणाला आली होती.

तिचं सासर पुण्यात. दवाखाना घरासमोर. सासू बिचारी सांगत होती की इथेच होऊ द्या. पण अंजिरामामी हटून बसल्या. "पयलं बाळातपण म्हायेरालाच व्हतं. लोकं काय म्हणत्याल? आयबापाला पोरगी नकुशी झाली?"

लोकं म्हणायला गावात उरली होती किती, हा प्रश्न मामींना कुणी विचारला नाही.

दिवस भरायच्या आधी तिला तालुक्याला नेऊन ठेवायचं, असा बेत होता. पोटातल्या बाळाला हा बेत कुणी सांगितला नव्हता.

त्या दिवशी दुपारची जेवणं झाली आणि सुवर्णाच्या कमरेत कळ आली. मग दुसरी. मग अंगावरून रक्त जायला लागलं...

गावात सुईण म्हणावी अशी एकच बाई उरली होती, कोंडाबाई. तिने पोटावरून हात फिरवला. मामींना माजघरात नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आडवं हाय. माझ्यानं व्हयाचं न्हाय. उचला हिला."

मामा पळत टेकाडावर गेले. फोनला रेंज तिथेच. त्यांनी लाँचवाल्या बंडू सारंगाला गाठलं.

"यीतो की, सोपानराव," सारंग म्हणाला. "पर दिवेलागणीपत्तोर थांबनार. त्याच्या म्होरं न्हाय. ह्या धुक्यात पाण्यातली झाडांची बुडकं दिसत न्हाईत. समदीच बुडू."

म्हणजे अंधार पडायच्या आत धक्का गाठायचा. नाहीतर लेक गेली, आणि तिचं बाळही गेलं. इतकं सरळ होतं ते.

आता डोली. दोन वेळू, मध्ये घोंगडी बांधलेली. तिला चार खांदे लागतात, आणि बदलायला आणखी चार. पूर्वी कुणी आजारी पडलं की वीस-पंचवीस माणसं आपणहून दारात उभी राहायची. त्यांचे म्होरके असायचे दगडूतात्या, मामांचे थोरले भाऊ. पुढचा डावा खांदा कायम त्यांचा. "दमानं... दमानं..." असं म्हणत ते उतरायचे आणि आतल्या माणसाला एक हिसका बसायचा नाही. सुवर्णावर तर त्यांचा फार जीव. तिला लहानपणी खांद्यावर घेऊन ओढ्यापलीकडच्या शाळेत सोडायचे. तिला ते 'भिंगरे' म्हणत. दुसरं कुणी त्या नावाने हाक मारत नसे.

तात्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

दारात उभे राहिले ते तिघे. मामा. हिरामण, म्हणजे कोंडाबाईचा नवरा, एका पायाने अधू. आणि सत्तरीचे बाळकूआबा, ज्यांना जत्रेत आणि मयताला सारखीच चेष्टा सुचते.

चौथा खांदा नव्हता.

कोंडाबाईने पदर खोचला. "बघत काय ऱ्हायलासा? हाय की म्या."

"बाईनं खांदा द्यायचा?" हिरामण चाचरला.

"मग तू दोन दे!" ती त्याच्यावर ओरडली, आणि तिने वेळू उचललासुद्धा.

डोली नेण्याचे तिथे दोन नेम आहेत. पाळणाऱ्यांना ते कधी कुणी शिकवलेले नाहीत.

पहिला म्हणजे, एकाने डोलीच्या बाजूने चालायचं आणि आतल्या माणसाला नावाने हाक मारत राहायचं. आतल्याने 'ओ' द्यायची. म्हणजे खांदेकऱ्यांना कळतं, आपण जित्या माणसाला नेतोय.

दुसरा नेम विसाव्याचा. अर्ध्या उतारावर जांभळाखाली एक सपाट दगड आहे. मयत नेताना तिथे टेकवतात. मागचे खांदे पुढे येतात, पुढचे मागे जातात. तिथून वाट फुटते. डावीकडची मसणवट्यात जाते, उजवीकडची धक्क्यावर.

जित्या माणसाची डोली त्या दगडावर टेकवायची नाही. काहीही झालं तरी. खांदा बदलायचा तर चालता चालता.

पण बदलायला माणसं असतील तर ना.

पाऊस बारीक होता. धुकं मात्र दाट. मामी डोलीच्या कडेने निघाल्या.

"सुवर्णे!"

"ओ..."

"सुवर्णे!"

"ओ, आई."

"पुण्यात काय दगडं खात व्हतीस काय गं?" बाळकूआबा पुढून म्हणाले. "खांदा मोडला माझा."

"तुमचंच वय झालंय, आबा," सुवर्णा कळ दाबत म्हणाली. हिरामण हसला. मामांनाही जरा धीर आला.

एकदा वडाखाली दम खाल्ला. दुसरी टेकायची जागा ओढ्यापाशी होती. तिथे आले तर जागाच नाही. ओढ्याने कड खाल्ली होती. तशीच डोली खांद्यावर ठेवून गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेले.

मामांचा खांदा बधिर झाला होता. घोंगडीतून ठिबकणारं पाणी लाल होतं, ते त्यांनी पाहिलं आणि मान वळवली.

समोर धुक्यात जांभूळ दिसलं.

"दादा..." मागून हिरामणचा आवाज आला. "माझा पाय ग्येला."

"हितं न्हाय, हिरामण. चार पावलं म्होरं."

"दादा, पडती रं खाली..."

"हितं नको!"

पण हिरामणचा गुडघा वाकला होता. डोली मागून कलली. सुवर्णा किंचाळली. आता एकतर तिला दगडांवर आपटू द्यायची, नाहीतर...

टेकवली.

त्याच दगडावर.

घटकाभरही नाही. हिरामणने पाय चोळला, कोंडाबाईने डोक्यावरची चुंबळ खांद्याला बांधली. एवढंच. बाळकूआबांना चेष्टा सुचली नाही, ही त्या दिवसातली पहिली वाईट गोष्ट होती, असं मामा म्हणतात.

"उचला," मामा म्हणाले.

आणि डोली... उचलली गेली.

अलगद. जणू घोंगडीत कुणी नव्हतंच.

दम खाल्ला म्हणून हलकी वाटत असेल. मामांना असंच वाटलं. बरंही वाटलं. पाय भराभर पडायला लागले. चिखलातून, दगडांवरून, कुठेही घसरत नव्हते.

मग मामांच्या लक्षात आलं...

बेडूक ओरडायचे थांबले होते.

आणि मागे पावलं वाजत होती.

चप... चप... चप...

अनवाणी पावलं. मागे तर दोघंच होती, हिरामण आणि कोंडाबाई. दोघांच्याही पायांत प्लास्टिकचे बूट होते, मामींच्याही.

"हिरामण," बाळकूआबांनी मान न वळवता विचारलं. "मागं कोन हाय रं?"

"म्या बघत न्हाय, आबा."

"किती जन हायती?"

"म्या बघत न्हाय म्हनलं की!" त्याचा आवाज रडवेला झाला होता. "आबा... माझ्या खांद्यावं दांडा न्हाय."

"सोडलास व्हय?"

"न्हाय. म्या खांदा खाली घेतला. दांडा... वरच ऱ्हायला."

डोली चालत होती.

मामांनी हळूच आपला खांदा खाली केला. एक बोटभर. वेळू खाली आला नाही. बोटभर वर, हवेत, तसाच पुढे जात राहिला. वरखाली होत, जसा माणसाच्या चालीबरोबर होतो.

आणि मग त्यांच्या डाव्या बाजूला, अगदी कानाजवळ, कुणीतरी म्हणालं...

"दमानं... दमानं..."

तिथे बाळकूआबा असायला हवे होते. मामांनी पाहिलं. आबा वाटेच्या कडेला, चार हात लांबून चालत होते. तोंड उघडं, दोन्ही हात मोकळे.

"सोपाना," आबा म्हणाले, "माझा खांदा कुनीतरी घितला."

मामा सांगतात, त्या क्षणी त्यांना भीती नाही वाटली. भरून आलं. थोरला भाऊ आला, असंच वाटलं. गावाची सगळी माणसं आली. आता लेक पोहोचणार.

पण मग वास आला.

ओल्या राखेचा.

उजवीकडे असायला हवं ते पाणी समोर चकाकत होतं. पायाखाली सपाटी लागली होती. धक्क्याच्या वाटेवर सपाटी नाही.

ते डाव्या वाटेला लागले होते.

"थांबा!" मामा ओरडले. त्यांनी वेळू दोन्ही हातांनी धरून मागे ओढला. डोली थांबली नाही. त्यांनाच फरफटत घेऊन निघाली. विसाव्यावर टेकवलेलं माणूस कुठे न्यायचं, हे नेणाऱ्यांना पाठ होतं. त्यांनी तिथून दुसरी वाट कधी धरलीच नव्हती.

"तात्या! ही वाट हिची न्हाय! सोड तिला!"

"दमानं..." उत्तर आलं. अगदी मायेने आलं.

"अंजिरे! हाक मार तिला!"

मामी कधीच मागे पडल्या होत्या, धडपडत येत होत्या. "मारत्ये की मगापासनं! ओ दीत न्हाय ती. मला वाटलं डोळा लागला..."

"कवापासनं?"

"त्या दगडापासनं..."

मामांनी घोंगडीत डोकावलं. सुवर्णाचे डोळे मिटलेले. चेहरा एकदम शांत. इतक्या कळा खाल्लेल्या पोरीचा चेहरा इतका शांत नसतो.

"सुवर्णे! ओ दे! आगं माझे बाय, ओ दे!"

काही नाही.

चप... चप... चप...

पुढे मसणवट्यातली पत्र्याची शेड दिसायला लागली होती.

कोंडाबाई मागून धावत आली. तिचाही खांदा मोकळाच होता. तिने घोंगडीत हात घातला, सुवर्णाचा दंड धरला आणि असा चिमटा काढला की त्याची खूण नंतर महिनाभर राहिली.

"ओ दे, भवाने! तुझं पोर मारतीस काय? ओ दे!"

सुवर्णाच्या ओठांची हालचाल झाली.

"...ओ."

डोली कोसळली.

चौघांनी झेप घेऊन वेळू धरले म्हणून, नाहीतर ती चिखलात आपटली असती. मामांच्या खांद्यावर एवढा भार आला की ते एका गुडघ्यावर बसले. हाड कडकन वाजलं. तो खांदा त्यांना आजही वर करता येत नाही.

आणि ते ओक्साबोक्शी रडायला लागले. "जड झाली! जड झाली रं, आबा!"

"मग काय बसतुयास रडत!" आबा ओरडले. "फिरवा म्हागारी!"

तिथून विसाव्यापर्यंत चढ. मग उजवी वाट. मामी, कोंडाबाई, मामा, तिघंही हाका मारत होते. सुवर्णा ओ देई तोवर डोली मणामणाची. तिची ओ लांबली की डोली हलकी व्हायला लागायची आणि मागच्या अंगाला, त्या दगडाकडे खेचायची. मग पुन्हा चिमटा, पुन्हा शिव्या. खांदे सोलले होते, गुडघे फुटले होते, तरी चौघंही एकच मागत होते, जड राहू दे.

धक्क्यावर पोहोचले तेव्हा सारंग अजून बिडी ओढत बसला होता. आभाळात उजेड होता.

"इतक्यात आलासा बी?" तो म्हणाला. "चौघात?"

त्यांची वाट चुकली होती. माघारी चढावं लागलं होतं. उशीर व्हायला हवा होता.

चौघांनी डोली तशीच लाँचवर चढवली.

तालुक्याला ऑपरेशन झालं. मुलगी झाली. दोघी वाचल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा वेळ गेला असता तर काही हाती लागलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सुवर्णा उशाला टेकून बसली. मामा तिला पेज भरवत होते. ती सहज म्हणाली, "आप्पा, विसाव्यानंतर मला खूप बरं वाटत होतं. कळा थांबल्या होत्या. किती माणसं होती हो बरोबर! आपल्या सगळ्या आळीतली. आणि तात्या होते."

मामांनी वाटी खाली ठेवली.

"आई हाका मारत होती ते सगळं ऐकू येत होतं मला. पण तात्या म्हणाले, भिंगरे, ओ दिऊ नगंस. तू ओ दिलीस की आमाला जड हुतंय."

त्यानंतर सुवर्णा कारवंडीला आली नाही.

मामांनी मात्र गाव सोडलं नाही. आणि ते दोन बाजूंनी झुरतात. तात्या लेकीला न्यायला आले होते, की पोहोचवायला? त्यांनी खांदा दिला नसता तर त्या अधू हिरामणला घेऊन दिवेलागणीच्या आत धक्का गाठता आला असता का? मला विचारतात.

गेल्या दिवाळीत मी गेलो होतो. बाळकूआबा वारले. हिरामण आणि कोंडाबाई मुलाकडे मुंबईला गेले. कारवंडीत आता तीन घरांतून धूर निघतो. अंजिरामामींच्या छातीचं दुखणं वाढलंय. बाजाराच्या लाँचने त्यांना दर महिन्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागतं. चार पावलं चालल्या की दम लागतो.

"मग खाली कसं नेता?" मी विचारलं. "माणसं कुठायत?"

"म्या आन् वरच्या आळीतला पांडबा. आता एकाच दांडीची झोळी करतो," मामा म्हणाले. "विसाव्यापत्तोर कसं तरी उतारतो."

"आणि तिथून?"

मामांनी पान लावलं. चुना पुसला. एसटीची वेळ सांगावी तसे म्हणाले, "तिथं टेकवितो."

"मामा!"

"आरं मग काय करू? खांद्याला माणसं न्हाईत. तिथनं म्होरं मिळत्यात. फकस्त झोळी डावीकडं वढाया लागली की हिनं ओ द्यायची, मग ती जड हुती. वाट म्या धरतो."

"म्या देत्ये की ओ," मामी आतून म्हणाल्या. "यवढी बी काय म्हातारी झाल्ये न्हाय."

मी त्यांना पुण्याला चला म्हणालो. हात जोडले. मामा नुसते हसले. नंतर मामी झोपल्या, आणि ते ओट्यावर माझ्याजवळ सरकून बसले.

"तुला म्हनून सांगतो," ते कुजबुजले. "मागच्या खेपंला तिनं ओ दिली. चांगली मोठ्यांदा दिली, धक्क्यापत्तोर देत आली..."

"मग?"

"तरीबी झोळी जड झाली न्हाय."